न्यूट्रल: दोहोंपैकी एकही नाही

गेल्या हिवाळ्यात इथे दोह्यात काही मराठी मुलांसाठी हवामानबदलावर भित्तिपत्रके करायची होती. मजकूर इंग्रजीत हाताशी होता, तो फक्त मराठीत आणायचा होता. हरितगृह वायू, उत्सर्जन, नवीकरणीय ऊर्जा असे सगळे पटापट झाले आणि गाडी ‘कार्बन न्यूट्रल’पाशी येऊन अडली. एकाने ‘कार्बन-तटस्थ’ सुचवले. पूर्वी महाराष्ट्रात रसायनशास्त्र शिकवलेल्या एका ताईंनी ‘कार्बन-उदासीन’ म्हटले, तर मुले हसायला लागली: कार्बन उदास का झाला? वीजक्षेत्रात काम करणारे एक काका म्हणाले, “न्यूट्रलला न्यूट्रलच म्हणा की, वायरमनसुद्धा तेच म्हणतो.” अर्धा तास गेला तरी निकाल लागेना.

त्या वेळी वाटले की आपल्या भाषेत नेमका शब्द नाही, एवढीच अडचण आहे. नंतर या शब्दाच्या मागे लागलो, तेव्हा वेगळेच लक्षात आले. मराठीने इथे अडखळणे बरोबरच होते. गोम त्या इंग्रजी विशेषणाच्या या वापरातच आहे.

आधी शब्दाचे कूळ पाहू. ‘न्यूट्रल’ हा लॅटिन ‘न्यूटर’वरून आला. त्याची फोड ‘ने’ अधिक ‘उटर’. ‘ने’ म्हणजे आपला ‘न’. ‘उटर’ म्हणजे दोहोंपैकी कोणता, किंवा दोहोंपैकी एखादा. म्हणून ‘न्यूटर’ म्हणजे दोहोंपैकी एकही नाही. गंमत अशी की या ‘उटर’चा सख्खा भाऊ संस्कृतात आहे आणि त्याचे नाव ‘कतर’. ‘कः’ म्हणजे कोण, ‘कतर’ म्हणजे दोघांतला कोण. इंग्रजीतले ‘व्हेदर’ आणि ‘नायदर’ याच कुळातले. आम्ही राहतो त्या देशाच्या नावाशी याचा काडीचाही संबंध नाही, पण कतारमध्ये बसून ‘ना हा कतर, ना तो कतर’ असे शब्द उलगडताना हसू आल्याशिवाय राहत नाही.

लॅटिन व्याकरणकारांनी हा शब्द तिसऱ्या लिंगासाठी वापरला. पुल्लिंग नाही, स्त्रीलिंगही नाही, ते न्यूटर. आपण त्याला नपुंसकलिंग म्हणतो. हिंदीने ते लिंग कधीच सोडून दिले, मराठीने मात्र जपले. ते पुस्तक, ते झाड, ते मूल. पण बारकाईने पाहा: ‘नपुंसक’मध्ये नकार एकाच बाजूला आहे, पुरुष नव्हे तो. ‘न्यूटर’मध्ये नकार दोन्ही बाजूंना आहे. पुढच्या सगळ्या वापरांत हे दोन बाजूंचे भान महत्त्वाचे ठरते. ‘न्यूट्रल’ म्हणायचे तर आधी दोन बाजू असाव्या लागतात.

व्याकरणातून शब्द राजकारणात गेला. लढणाऱ्या दोघांपैकी कोणाच्याही बाजूने नाही, तो न्यूट्रल. इथे आपण ‘तटस्थ’ म्हणतो आणि हा शब्द मला मुळाहूनही सुंदर वाटतो. तट म्हणजे काठ. प्रवाहात न उतरता काठावर उभा राहिलेला तो तटस्थ. अरबीत यासाठी ‘मुहायिद’ आहे. त्याच्या मुळाशी बाजूला वळण्याची, वाट सोडण्याची कल्पना आहे. तीन भाषा आणि तीन चित्रे: एकजण दोघांनाही नाही म्हणतो, दुसरा काठावर उभा राहतो, तिसरा वाट सोडून बाजूला होतो.

आखातात या विशेषणाचा एक जुना आणि बोलका वापर सापडतो. १९२२ साली उकैर इथे सीमा ठरवताना सौदी अरेबिया आणि कुवेत यांच्यामध्ये, तसेच सौदी अरेबिया आणि इराक यांच्यामध्ये ‘न्यूट्रल झोन’ आखले गेले. (तेव्हा सौदी अरेबिया हे नावही अस्तित्वात यायचे होते, पण समजायला सोपे जावे म्हणून तसे लिहितो.) भटक्या टोळ्यांना चराई आणि विहिरी दोन्हीकडून मोकळ्या राहाव्यात, हा हिशेब होता. पुढे कुवेतच्या बाजूच्या पट्ट्यात तेल निघाले. ‘कोणाचीच नाही’ म्हटलेली जमीन बघता बघता ‘दोघांचीही’ झाली आणि तेल निम्मे-निम्मे वाटले गेले. जमिनीची विभागणी नंतर झाली, तरी तेलातली भागीदारी राहिली. ‘दोहोंपैकी कोणाचेही नाही’ आणि ‘दोहोंचे सारखेच’ हे दोन अर्थ एकाच शब्दात किती सहज मिसळतात, ते इथे दिसते. विज्ञानातही नेमके हेच झाले आहे.

१९३२ मध्ये चॅडविक यांनी अणुकेंद्रातला जो कण शोधला त्याला न्यूट्रॉन म्हणतात, कारण त्यावर एकूण विद्युतभार नाही. त्याआधी १९३० मध्ये पाउली यांनी आणखी एका भाररहित कणाची कल्पना मांडली होती. त्याला पुढे इटालियन वळणाचे ‘न्यूट्रिनो’ हे लाडाचे नाव पडले, म्हणजे छोटासा न्यूट्रल. न्यूट्रिनोवर खरोखरच काही भार नाही. पण आपल्या शरीरातला कुठलाही अणू घ्या. तोही न्यूट्रल, पण वेगळ्या अर्थाने. त्यात धन भार आहे, ऋण भारही आहे आणि दोन्ही बरोबर सारखे आहेत. भार ‘नाही’ म्हणून शून्य आणि ‘बेरीज’ होऊन शून्य, या दोन गोष्टींना आपण एकच विशेषण लावतो.

शाळेतले न्यूट्रल द्रावण हे दुसऱ्या प्रकारचे. पाठ्यपुस्तकात त्याला ‘उदासीन’ म्हटले आहे. उद् अधिक आसीन, म्हणजे वर किंवा वेगळा बसलेला, कशातच गुंतलेला नसलेला. शब्द चांगला होता, पण बोलीत त्याचा अर्थ दुःखाकडे सरकला, त्याला ताई तरी काय करणार! तर २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा पीएच ७ असतो. याचा अर्थ त्यात आम्लपणाचे हायड्रोजन आयन नाहीत असा नव्हे. एका लिटरमध्ये ते ६वर सोळा शून्ये इतके असतात आणि बरोबर तेवढेच हायड्रॉक्साइड आयनही असतात. म्हणून ते न्यूट्रल.

इथे एक गैरसमज दूर करून टाकतो. पीएच ७ म्हणजे न्यूट्रल, हे पाठ केलेले वाक्य फक्त २५ अंशांच्या आसपास खरे आहे. पाणी तापले की त्याचे जास्त रेणू फुटतात आणि दोन्ही आयन वाढतात. ५० अंशांना शुद्ध पाण्याचा पीएच सुमारे ६.६ येतो. तरीही ते आम्ल झालेले नसते, कारण समोरची बाजूही तेवढीच वाढलेली असते. ऑगस्टमध्ये दोह्यात गच्चीवरच्या टाकीतून चटका बसेल असे पाणी येते, तेव्हा मला हे हमखास आठवते. सांगायचा मुद्दा असा की न्यूट्रलपणा एखाद्या ठरावीक आकड्यात नसतो, दोन बाजूंच्या बरोबरीत असतो.

काकांची वायरही याच जातीची. तीन फेजवर सारखा भार असेल तर तिन्हींचे प्रवाह एकमेकांना काटतात आणि न्यूट्रलमधून जाणारी बेरीज शून्य होते. घरातल्या एका फेजच्या जोडणीत मात्र जेवढा प्रवाह फेजमधून येतो तेवढाच न्यूट्रलमधून परत जातो. ‘न्यूट्रलला हात लावला तर काही होत नाही’ हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. ती वायर कुठे तुटलेली असेल, तर पलीकडचे टोक जिवंत असते. कुठलाही वायरमन हे सांगेल. नावावर जाऊ नये, प्रवाह मोजावा.

या सगळ्या उदाहरणांत विज्ञान दोन अटी पाळते. दोन्ही बाजू एकाच ठिकाणी, एकाच वेळी हजर असतात. अणूतला धन भार आणि ऋण भार एकाच अणूत असतात, आम्ल आणि अल्कली एकाच चंचुपात्रात. आणि बरोबरी मोजून दाखवता येते. दर्शकाचा थेंब टाका, रंग बोलतो. ‘यातली अल्कली मी दुसऱ्या शहरातल्या पात्रात ओतली आहे आणि उरलेली तीस वर्षांत ओतीन’ असे म्हणणाऱ्याला प्रयोगवहीत कोणी गुण देणार नाही.

आता ‘कार्बन न्यूट्रल’. १९९०च्या दशकात हा शब्दप्रयोग रुळू लागला आणि २००६ मध्ये न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडले. अर्थ असा: मी जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला, तेवढाच कुठेतरी शोषला जाईल किंवा सोडला जाण्यापासून वाचेल अशी व्यवस्था मी केली. यातल्या ‘कुठेतरी’, ‘जाईल’ आणि ‘वाचेल’ या तीन शब्दांत वरच्या दोन्ही अटी गळून पडतात, पण ‘न्यूट्रल’ हे प्रयोगशाळेतले नाव आणि त्याचा दबदबा तसाच राहतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आमच्या दारातच घडले. २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर २०२२ या काळात इथे झालेल्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेची जाहिरात ‘पूर्णपणे कार्बन न्यूट्रल’ अशी झाली. २०२१ मध्ये आयोजकांनी अंदाज दिला: एकूण उत्सर्जन ३६ लाख ३० हजार टन कार्बन डायऑक्साइडइतके. निम्म्याहून अधिक वाटा प्रवासाचा. अंदाज आधी जाहीर केला, ही गोष्ट चांगलीच. काही बचतही खरी होती. आठही स्टेडियम ७५ किलोमीटरच्या आत, दोह्याची मेट्रो २०१९ पासून सुरू, म्हणजे एका शहरातून दुसऱ्या शहरात सामन्यासाठी विमानाने जाण्याची गरज नाही. (राहायला जागा न मिळाल्याने शेजारच्या देशांतून रोज विमानाने ये-जा करणारेही पुष्कळ होते, तो भाग वेगळा.) कतारला झोडपायचे म्हणून झोडपणाऱ्यांत मी नाही. माझे भांडण त्या विशेषणाशी आहे.

मे २०२२ मध्ये कार्बन मार्केट वॉच या युरोपीय संस्थेने हिशेब तपासला. तिचा मुख्य आक्षेप स्टेडियमांवर होता. कायमस्वरूपी स्टेडियमांचे आयुष्य साठ वर्षे धरले होते आणि त्यांतले सुमारे सत्तर दिवस स्पर्धेच्या वाट्याला आले म्हणून बांधकामाच्या उत्सर्जनाचा तेवढाच भाग स्पर्धेच्या खात्यात लिहिला होता. लग्नासाठी बंगला बांधावा आणि लग्नखर्चात तीन दिवसांचे भाडे दाखवावे, तशातला हा प्रकार. संस्थेच्या मते दोन लाख टनांऐवजी हा आकडा सोळा लाख टनांपर्यंत जायला हवा होता.

एक बाजूच पक्की नाही म्हटल्यावर दुसरीशी बरोबरी कशी दाखवणार? तरी दुसरी बाजूही पाहू. भरपाईसाठी इतर देशांतल्या प्रकल्पांची कार्बन-पत्रे घ्यायची होती आणि त्यासाठी कतारमध्येच एक नवी प्रमाणन संस्था उभी राहिली. तिथले सुरुवातीचे प्रकल्प नवीकरणीय विजेचे होते. असे प्रकल्प आता बहुतेक ठिकाणी स्वतःच्या पायावर उभे राहतात, त्यामुळे ‘आमचे पैसे आले म्हणून हा कार्बन वाचला’ असे म्हणता येत नाही. याच कारणाने जुन्या, मोठ्या प्रमाणन संस्थांनी अतिगरीब देश वगळता असे नवे प्रकल्प घेणे आधीच थांबवले होते.

शिवाय एक रोपवाटिका होती. सुमारे ६,७९,००० झुडपे आणि १६,००० झाडे, वाळवंटात पुन्हा वापरात आणलेल्या पाण्यावर वाढवलेली. सावलीसाठी, डोळ्यांसाठी उत्तमच. पण ढोबळ हिशेब करून पाहा. मोठे झाड वर्षाला साधारण २० किलो कार्बन डायऑक्साइड शोषते असे धरू आणि उदार मनाने प्रत्येक झुडपालाही तेवढेच श्रेय देऊ. ६,९५,००० गुणिले २० किलो, म्हणजे वर्षाला १३,९०० टन. ३६ लाख ३० हजार टनांना १३,९००ने भागा. उत्तर येते २६१. एका महिन्याच्या स्पर्धेसाठी २६१ वर्षे झाडे जगवायची, तीही एक न वाळता! सगळी भरपाई झाडांनीच करायची असे आयोजकही म्हणत नव्हते. पण वाचकाच्या डोळ्यांपुढे ‘न्यूट्रल’ म्हटले की झाडच येते, म्हणून हा भागाकार एकदा करून ठेवावा.

स्टेडियम ९७४ची गोष्टही सांगण्याजोगी. रास अबू अबूदला समुद्राकाठी मालवाहू कंटेनर रचून ते बांधले. कंटेनर ९७४ आणि कतारचा दूरध्वनी संकेतही ९७४. स्पर्धा संपली की सुटे करून दुसरीकडे न्यायचे, ही त्यामागची कल्पना. कल्पना अजूनही मला आवडते. पण डिसेंबर २०२४ मध्ये ते तिथेच उभे होते आणि त्यात फिफाच्या इंटरकॉन्टिनेंटल चषकाचे सामने झाले. उभे राहून वापरात आले, यात वाईट काही नाही. मात्र ‘होईल’ म्हणून जमेला धरलेली गोष्ट झाली की नाही, हे कोणीतरी नंतर येऊन पाहायला हवे.

तसे पाहणारे निघाले. पाच युरोपीय देशांतून तक्रारी गेल्या आणि फिफाचे मुख्यालय झुरिकला असल्याने त्या स्वित्झर्लंडच्या जाहिरातविषयक न्याय्यता आयोगापुढे आल्या. जून २०२३ मध्ये आयोगाने सांगितले की फिफाला आपला दावा सिद्ध करता आला नाही. पूर्ण हिशेब आणि पूर्ण भरपाईचा पुरावा देता येत नसेल, तर असे दावे करू नयेत. आयोगाला दंड करण्याचा अधिकार नाही. पण तटस्थतेसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या देशातून ‘न्यूट्रल’ या शब्दावर हा निकाल यावा, याची मला मौज वाटते.

प्रकरण फुटबॉलपुरते नाही. २०१९ मध्ये शेल कंपनीने जपान आणि दक्षिण कोरियातल्या ग्राहकांना ‘कार्बन न्यूट्रल’ एलएनजीची जहाजे विकली. वायू तोच. जाळल्यावर टनामागे सुमारे पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड निघणार, तोही तोच. बदलले ते फक्त सोबतचे कागद. इथून गुजरातेत दहेजला उतरणारा वायू पुढे महाराष्ट्रातही जातो आणि त्या दीर्घ करारानुसार वर्षाला ७५ लाख टन २०४८ पर्यंत जात राहणार आहे. उद्या त्यावरही असा शिक्का बसला, तर स्वयंपाकघरात ज्योत पेटवताना वाटेल की या ज्योतीतून काही बाहेरच पडत नाही. हा समज न्यूट्रल वायरला बिनधास्त हात लावण्यासारखाच आहे. युरोपीय संघाने म्हणूनच, भरपाईच्या जोरावर वस्तूला ‘न्यूट्रल’ म्हणण्यावर बंदी घालणारा नियम केला. तो २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होण्याचे ठरले आहे.

महाराष्ट्रातही हे विशेषण पोचले आहे. केंद्राच्या पंचायत पुरस्कारांत ‘कार्बन न्यूट्रल विशेष पंचायत पुरस्कार’ आहे आणि भंडारा जिल्ह्यातल्या बेला ग्रामपंचायतीने तो मिळवला आहे. गावाने लावलेली झाडे गावातच उभी राहतात, सौर पॅनेल तिथल्याच छपरांवर दिसतात. दोन्ही बाजू निदान एका शिवारात आहेत. तिथे शब्द आपल्या मूळ अर्थाच्या पुष्कळ जवळ जातो, आणि महिनाभराच्या विश्वचषकापेक्षा मला तो गावाला जास्त शोभतो. तरी गावालाही विचारावे: डिझेल धरले का? बाहेरून आलेले खत धरले का? विचारण्यात अपमान नाही.

मग मराठीत म्हणायचे काय? ‘कार्बन-तटस्थ’ मला अजिबात नको. तटस्थ म्हणजे काठावरचा, आणि इथे तर माणूस गळ्यापर्यंत पाण्यात उभा आहे. ‘उदासीन’चे मुलांनी जे केले ते आपण पाहिलेच. ‘निव्वळ शून्य’ हा ‘नेट झिरो’साठी रुळलेला शब्द बराच प्रामाणिक आहे. भारताने २०७० साठी आणि मुंबईच्या हवामान कृती आराखड्याने २०५० साठी तेच ध्येय ठेवले आहे. ‘निव्वळ’ म्हटले की वजाबाकी झाल्याचे कळते. दुकानदारालाही कळते.

पण माझे मत याहून थोडे पुढचे आहे. इथे विशेषण वापरूच नये, क्रियापद वापरावे. सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात वाढलेल्या कोणालाही ‘वळते करून घेणे’ माहीत असते: उसाच्या बिलातून सोसायटीचे कर्ज वळते केले. या वाक्यात कोणी केले, किती केले, कशातून केले, हे विचारायला जागा असते. ‘कार्बन न्यूट्रल स्पर्धा’ म्हटले की स्पर्धेचा जणू जन्मजात गुण झाला, हिरवा रंग असावा तसा. ‘आयोजकांनी ३६ लाख टन कार्बन सोडला आणि त्यातला इतका वळता केल्याचे ते सांगतात’ म्हटले की कर्ता आला, आकडा आला आणि ‘सांगतात’ही आले.

यावर ताई म्हणाल्या की शब्दांचा एवढा काथ्याकूट केला तर चांगले करणारेही पुढे येणार नाहीत, आणि भरपाईच्या पैशातून कुठेतरी चूल सुधारते, कुठेतरी जंगल वाचते, ते काही खोटे नाही. मान्य आहे. जंगल वाचवणाऱ्याने ‘मी जंगल वाचवले’ असेच म्हणावे, त्याला कोण अडवतो? त्या कामाला स्वतःचे नाव आहे. उसने नाव घेतल्यावर मात्र नावाच्या अटीही पाळाव्या लागतात.

भित्तिपत्रकावर शेवटी काय आले? ‘कार्बन न्यूट्रल’च्या जागी आम्ही लिहिले: ‘किती सोडला? किती कमी केला? उरलेला कोणी, कुठे, कधी वळता केला?’ मजकूर चौकटीत मावेना म्हणून झाडाचे चित्र काढून टाकावे लागले. काकांनी मात्र कोपऱ्यात लाल शाईने एक ओळ घातलीच: न्यूट्रल वायरला हात लावू नये.